संगणकाला पोत्यातले दिसत नाही

एप्रिल २०१९ मध्ये परकीय व्यापार महासंचालनालयाने एक छोटी अधिसूचना काढली. चीनमधून येणारे दूध, दुधाचे पदार्थ आणि दुधाचा अंश असलेली चॉकलेटे व गोळ्या यांच्यावरील आयातबंदी पुढे चालू राहील, एवढाच तिचा आशय होता. बंदी नवी नव्हती. सप्टेंबर २००८ पासून मुदतीमागून मुदत देत ती वाढवली जात होती. या वेळी मात्र मुदतीच्या जागी तारीख नव्हती, अट होती: देशाच्या प्रवेशबंदरांवरील सर्व प्रयोगशाळा मेलामाइन तपासण्यास सक्षम होईपर्यंत बंदी राहील.

सरकारी कागद वाचण्यात ज्याचे आयुष्य गेले आहे, त्याला अशा वाक्यापाशी थबकावेच लागते. बंदी चीनवर होती. कबुली मात्र आपली होती. मेलामाइनचे प्रकरण उघडकीस येऊन तोवर दहा वर्षे उलटली होती. या दहा वर्षांत आपण सीमाशुल्काचा कारभार संगणकावर आणला, अन्न आयातीच्या परवानग्या कागदविरहित केल्या. आणि तरीही एका ज्ञात, गाजलेल्या, प्राणघातक रसायनाची चाचणी प्रत्येक बंदरावर होईल याची हमी देता येत नव्हती. आयात अन्नाच्या सुरक्षिततेसाठी आधुनिक तंत्रज्ञान, कृत्रिम बुद्धिमत्ता, ब्लॉकचेन यांची चर्चा आज जोरात असताना ही विसंगती नीट समजून घेतली पाहिजे.

मेलामाइनची कथा मुळात तंत्रज्ञानाचीच कथा आहे. दुधातील प्रथिने मोजण्याची रूढ पद्धत प्रत्यक्षात प्रथिने मोजतच नाही. ती नायट्रोजन मोजते आणि त्यावरून प्रथिनांचा हिशेब मांडते. पाणी घातलेल्या दुधात नायट्रोजनयुक्त मेलामाइन मिसळले की यंत्रावर प्रथिनांचा आकडा भरघोस दिसतो. चीनमध्ये अशा दुधाच्या भुकटीने सहा अर्भके दगावली आणि सुमारे तीन लाख मुले आजारी पडली. चाचणीने खोटे उत्तर दिले नव्हते. तिला जो प्रश्न विचारला होता त्याचे तिने बरोबर उत्तर दिले होते. फसवणूक करणाऱ्याला तो प्रश्न आधीपासून ठाऊक होता, इतकेच.

हा विषय चैनीच्या खाद्यपदार्थांचा नाही, हेही आरंभीच सांगितलेले बरे. आयात अन्न म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे किवी, ऑलिव्ह तेल आणि परदेशी चीज येते. वास्तविक भारताच्या अन्न आयातीचा मोठा भाग गरिबाच्या चुलीवर जातो. आपल्याला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते: इंडोनेशिया व मलेशियाचे पाम, अर्जेंटिना व ब्राझीलचे सोयाबीन, रशिया व युक्रेनचे सूर्यफूल. वर्षाला दीड कोटी टनांच्या आसपास हे प्रमाण असते. डाळींची आयात २०२४-२५ मध्ये ७० लाख टनांच्या पुढे गेली. कॅनडाचा मसूर, मोझांबिक व म्यानमारची तूर, रशियाचा पिवळा वाटाणा. शाळेतील मुलाच्या खिचडीत, रस्त्याकडेच्या भजीत, रोजगारावरील मजुराच्या वरणात जे पडते त्याचा बराच हिस्सा कांडला, मुंद्रा, न्हावाशेवा, हल्दिया, काकीनाडा किंवा चेन्नई या बंदरांतून आलेला असतो. त्याच्यावर वेष्टन नसते, नाममुद्रा नसते, आणि ते खाणाऱ्याला निवड करण्याची सोयही नसते.

गेल्या दोन दशकांत झालेले काम मात्र मान्य केले पाहिजे. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याची जागा २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याने घेतली. १ एप्रिल २०१६ पासून सीमाशुल्क, अन्न सुरक्षा प्राधिकरण, वनस्पती व पशू संगरोध आदी यंत्रणा आयातदारासाठी एकाच संगणकीय खिडकीवर आल्या. वेगवेगळ्या मंत्रालयांची ही खाती एकत्र आणणे हे काम बाहेरून दिसते त्यापेक्षा कितीतरी अवघड असते, हे अनुभवाने सांगतो. २०१७ मध्ये आयातीची स्वतंत्र नियमावली आली. सप्टेंबर २०२४ मध्ये परवानगी प्रणालीची नवी आवृत्ती आणि नाकारलेल्या मालाची माहिती जाहीर करणारे संकेतस्थळ सुरू झाले. आयातदार मालाचे विवरणपत्र संगणकावर भरतो; मालाचा प्रकार, मूळ देश, उत्पादक व आयातदार यांचा पूर्वेतिहास पाहून संगणक जोखीम ठरवतो; काही माल कागद पाहून सुटतो, काहींचे नमुने प्रयोगशाळेत जातात. प्रत्येक कंटेनर उघडणे जगातील कोणत्याही देशाला शक्य नाही. तेव्हा निवड करावी लागणार आणि ती माणसाच्या लहरीपेक्षा, किंवा लहरीहून वाईट कारणांपेक्षा, गणिताने झालेली केव्हाही बरी.

पण हे गणित ज्या आकड्यांवर चालते ते येतात कोठून? आयातदाराच्या विवरणपत्रातून. इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे कौटिल्याचा शुल्काध्यक्ष आठवतो. नगरद्वारापाशी ध्वज उभारलेल्या शुल्कशाळेत चार-पाच लेखकांनी बसावे आणि येणाऱ्या व्यापाऱ्यांची नोंद करावी: कोण, कोठले, किती माल घेऊन आले, आणि मालावर पहिली मुद्रा कोठे उमटली. खोटी मुद्रा आढळल्यास शुल्काच्या आठपट दंड. आजचे विवरणपत्र हेच चार प्रश्न विचारते. साम्य एवढ्यावर थांबत नाही. कौटिल्याची शुल्कशाळा महसुलासाठी होती आणि आपल्या सीमाशुल्काची जोखीम-प्रणालीही मूलतः महसुलासाठीच घडली. कमी किंमत दाखवून शुल्क बुडवणारा कसा पकडावा हे तिला चांगले कळते. योग्य किंमत दाखवून, पूर्ण शुल्क भरून विषारी माल आणणारा तिच्या दृष्टीने आदर्श आयातदार असतो.

डिसेंबर २०२० मध्ये सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने मधातील भेसळीचा जो तपास प्रसिद्ध केला, तो या दृष्टीने पुन्हा वाचावा. भारतीय मानकांतील चाचण्यांना चकवा देतील अशी साखरेची द्रावणे चिनी व्यापारी उघडपणे जाहिरात करून विकत होते. अन्न प्राधिकरणाने आयातदारांना ज्या नावांच्या द्रावणांबाबत सावध केले होते, त्या नावांनी ती येतच नव्हती. संस्थेने मागवलेला नमुना तर रंगद्रव्य म्हणून कागदोपत्री दाखवून पाठवण्यात आला. रंगद्रव्य हे अन्न नव्हे. म्हणजे अन्न सुरक्षेच्या पडद्यावर तो उमटण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच तपासात तेरा नाममुद्रांच्या मधाचे नमुने जर्मनीतील प्रयोगशाळेत अधिक प्रगत अशा एनएमआर चाचणीसाठी गेले, तेव्हा केवळ तीन उत्तीर्ण झाले. ही चाचणी त्याच वर्षी १ ऑगस्टपासून भारताने सक्तीची केली होती. पण अमेरिकेला निर्यात होणाऱ्या मधासाठी.

मूळ देशाच्या रकान्याची गतही फारशी निराळी नाही. मे २०२५ मध्ये पाकिस्तानी मालावर पूर्ण बंदी आल्यानंतर महसूल गुप्तचर संचालनालयाने न्हावाशेवा येथे ३९ कंटेनर पकडले. त्यांत १,११५ टन माल होता. पाकिस्तानातून निघालेली सुकी खजूर दुबईत कंटेनर बदलून संयुक्त अरब अमिरातीची झाली होती. ती पकडली गेली ती गुप्त माहिती आणि आकडेवारीचे विश्लेषण यांच्या जोडीने; तंत्रज्ञान आणि माणूस एकत्र आले तर काय होते याचे ते चांगले उदाहरण आहे. मात्र तेथे शोध राष्ट्रीय सुरक्षेसाठी चालला होता. एखाद्या देशातील शेंगदाण्यात बुरशीजन्य अफ्लाटॉक्सिन वारंवार सापडते म्हणून संगणक त्या देशाला लाल शेरा देतो आणि तो शेंगदाणा तिसऱ्या बंदरावर कागद बदलून येतो, त्याच्या शोधासाठी इतकी तत्परता कोण दाखवणार?

यावर कृत्रिम बुद्धिमत्ता हा उपाय सुचवला जातो, आणि अमेरिकेचा दाखला दिला जातो. तेथील अन्न व औषध प्रशासनाची प्रेडिक्ट ही प्रणाली दशकाहून अधिक काळ वापरात आहे. २०१९ पासून आयात समुद्री अन्नासाठी स्वतः शिकणाऱ्या संगणकीय पद्धतीचे प्रयोगही झाले. एवढे असून तेथे प्रत्यक्ष तपासला जाणारा माल जेमतेम एक-दोन टक्के असतो. २०२३ च्या शरद ऋतूत अमेरिकेत दालचिनीयुक्त सफरचंदाच्या गराची पाकिटे परत मागवावी लागली. माल इक्वेडोरचा होता. कारखान्यातील दालचिनीच्या भुकटीत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत पाच हजारांहून अधिक निघाले. दालचिनी श्रीलंकेची होती आणि तिच्या मूळ काड्यांत दोष आढळला नाही. भुकटी होण्याच्या टप्प्यावर शिसेयुक्त रंग मिसळला गेल्याचा संशय होता. संशयित धरून पाचशेहून अधिक मुलांची नोंद झाली. बंदरावरच्या कोणत्याही प्रणालीने हे पकडले नाही. नॉर्थ कॅरोलिना राज्यात मुलांच्या नेहमीच्या रक्ततपासणीत शिसे जास्त दिसले, आरोग्य कर्मचारी घरी गेले, स्वयंपाकघर पाहिले, आणि धागा त्या पाकिटापर्यंत पोहोचला.

संगणक पूर्वानुभवावरून शिकतो. ज्या मालाची तपासणीच झाली नाही, त्याबद्दलचा त्याचा पूर्वानुभव नेहमी निष्कलंक असतो. संशयित मालच तपासत राहिलो तर संशयाची यादी आपलीच पुष्टी करत राहते आणि यादीबाहेरचे सगळे सुरक्षित भासू लागते. म्हणून निवडीची पद्धत कितीही हुशार असली तरी ठरावीक टक्के माल निव्वळ चिठ्ठी टाकून, कोणतेही कारण न देता तपासला गेला पाहिजे आणि त्याचे निष्कर्ष संगणकाला पुरवले गेले पाहिजेत. व्यापाऱ्यांच्या संघटना याला विरोध करतील. ज्यांचा इतिहास स्वच्छ आहे त्यांना त्रास का, असे विचारले जाईल. तो इतिहास खरोखर स्वच्छ आहे की केवळ कोरा आहे, हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

नमुना घेण्याची रीत हाही दुर्लक्षित भाग आहे. सेवेच्या प्रारंभीच्या काळात एका बंदरावर धान्याचे नमुने घेताना मी पाहिले आहेत. हमालाने पोकळ लोखंडी नळी पोत्यात खुपसायची, मूठभर दाणे काढायचे, पिशवीवर लाखेचे सील करायचे. पोती कोणती? दाराजवळची, हाताला लागणारी. बुरशी मात्र दाराजवळ येण्यास बांधील नसते. अफ्लाटॉक्सिन सगळ्या साठ्यात सारखे पसरलेले नसते. एका कोपऱ्यातील ओलसर पोत्यात ते एकवटलेले असू शकते. कोट्यवधी रुपयांचे यंत्र त्या मूठभर दाण्यांबद्दल अचूक माहिती देईल, उरलेल्या कंटेनरबद्दल नव्हे.

नमुना पुढे प्रयोगशाळेत जातो. कायद्याने आयात मालाच्या नमुन्याचा अहवाल पाच दिवसांत द्यायचा असतो. २०१७ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने दाखवून दिले की राज्यांच्या ७२ अन्न प्रयोगशाळांपैकी ६५ प्रयोगशाळांना राष्ट्रीय अधिस्वीकृती नव्हती. या प्रयोगशाळा प्रामुख्याने देशांतर्गत नमुन्यांसाठी असल्या, तरी आपल्या अग्रक्रमांची कल्पना त्यावरून येते. अधिस्वीकृती ही कागदी बाब नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मॅगीवरील बंदी रद्द केली, त्यामागील एक प्रमुख कारण चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळांना आवश्यक मान्यता नसणे हे होते. नंतरच्या काळात गाझियाबाद व कोलकाता येथील राष्ट्रीय प्रयोगशाळांना न्हावाशेवा व चेन्नई येथील प्रयोगशाळांची जोड मिळाली, हे स्वागतार्ह आहे. पण अन्न आयातीसाठी खुली असलेली ठिकाणे शंभराहून अधिक आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य ठिकाणी अन्न प्राधिकरणाचा नव्हे, तर सीमाशुल्काचाच अधिकारी प्राधिकृत म्हणून काम पाहतो.

यंत्र आहे पण मर्यादा ठरलेली नाही, असेही घडते. २०१८ मध्ये आयात डाळींतील ग्लायफोसेट या तणनाशकाचा प्रश्न पुढे आला, तेव्हा डाळींसाठी त्याची मर्यादाच आपल्या नियमांत नव्हती. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानक वापरा, असे प्राधिकरणाला कळवावे लागले. मसूर आपण त्याआधी किती वर्षे आयात करत होतो, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

प्रयोगशाळेचा आणखी एक उपयोग आहे, ज्याकडे दिल्लीत पुरेसे लक्ष जात नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या करारानुसार आरोग्याच्या कारणास्तव आयात रोखायची तर शास्त्रीय आधार द्यावा लागतो. बर्ड फ्लूच्या कारणावरून भारताने अमेरिकी कुक्कुट उत्पादनांवर घातलेली बंदी २०१४ व २०१५ मध्ये तेथे टिकली नाही, कारण जोखमीचे मूल्यमापन आपल्याकडे नव्हते. अमेरिकेने त्यानंतर वर्षाला ४५ कोटी डॉलरच्या भरपाईची मागणी केली होती. सुरक्षिततेच्या नावाखाली आपण आपल्या शेतकऱ्यांचे किंवा उद्योगांचे संरक्षण करतो, असा आरोप भारतावर नेहमी होतो, आणि प्रत्येक वेळी तो निराधार असतोच असे नाही. नेमक्या मोजमापांची नोंद हाताशी असेल तरच खरी बंदी आणि सोयीची बंदी यांतील फरक इतरांना पटवता येतो.

मग तंत्रज्ञानाने काय साधते? आपल्या शेजारचेच उदाहरण आहे. बांगलादेशात हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तिच्यात लेड क्रोमेट हे शिसेयुक्त रंगद्रव्य घालत. २०१९ मध्ये तेथील बाजारांतून घेतलेल्या हळदीच्या नमुन्यांपैकी ४७ टक्क्यांत ते सापडले. २०२१ मध्ये एकाही नमुन्यात सापडले नाही. या दोन वर्षांत अधिकाऱ्यांच्या हाती पडले ते हातात मावणारे क्ष-किरण यंत्र. ते हळदीवर रोखले की काही क्षणांत शिसे कळते. ढाक्याच्या घाऊक बाजारात अधिकारी ते घेऊन गेले, फिरत्या न्यायालयाने दोन व्यापाऱ्यांना दंड केला, दूरचित्रवाणीवर ते दिसले. अन्न प्राधिकरण, ढाक्यातील एक संशोधन संस्था आणि स्टॅनफर्डचे संशोधक यांनी मिळून हे केले. अशी यंत्रे, तसेच प्रकाशकिरणांनी भेसळ ओळखणारी छोटी उपकरणे, आपल्या प्रत्येक प्रवेशठिकाणी ठेवणे हा खर्चाचा मोठा प्रश्न नाही. त्यांचा निष्कर्ष न्यायालयात अंतिम पुरावा ठरणार नाही. पण कोणता कंटेनर थांबवावा हे ठरवण्यास तो पुरेसा आहे.

दुसरे उदाहरण घरचे आहे. २००६ पासून युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी अपेडाची ग्रेपनेट प्रणाली आहे. नाशिक किंवा सांगलीची बाग नोंदवली जाते, तिचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो, आणि युरोपातील दुकानातली पेटी थेट त्या बागेपर्यंत मागे नेता येते. तरीही २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकामुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली. कारण ते रसायन आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हते. मेलामाइनचाच धडा, दुसऱ्या पिकात. फरक असा की येथे बाग सापडत होती, म्हणून यादी सुधारून पुढल्या हंगामात व्यापार सुरू करता आला.

जाणाऱ्या द्राक्षाचा गट क्रमांक आपल्याला ठाऊक असतो. येणाऱ्या तुरीचा जिल्हाही ठाऊक नसतो. सात दिवसांहून कमी टिकणाऱ्या आयात मालाला तर प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता तात्पुरती परवानगी मिळते. अहवाल प्रतिकूल आला तर माल परत मागवायचा. पण तोवर तो कोणत्या दुकानात, कोणत्या घरात गेला? येथे माग काढणारी प्रणाली लागते. त्यासाठी ब्लॉकचेनच हवी असा आग्रह मला समजत नाही. आंब्याच्या फोडींचे एक पाकीट कोठून आले हे शोधायला वॉलमार्टला जवळपास सात दिवस लागले होते, ते काम ब्लॉकचेनने २.२ सेकंदांत केले, हे खरे. त्याच तंत्रावर मर्स्क व आयबीएम यांनी उभारलेली जहाजवाहतुकीची ट्रेडलेन्स ही प्रणाली मात्र २०२३ मध्ये गुंडाळावी लागली, हेही खरे. खोटी नोंद ब्लॉकचेनमध्ये टाकली तर ती खोटीच राहते, फक्त कायमची. डाळ व तेलासाठी जहाज, टाकी, गोदाम आणि पहिला घाऊक खरेदीदार एवढ्या साध्या नोंदी सक्तीच्या झाल्या तरी पुष्कळ काम होईल. तेलाच्या बाबतीत जहाजाच्या टाकीत आधी काय भरले होते, याची नोंद त्यात यावी. कोडेक्सने त्यासाठी मान्य पदार्थांची यादीच दिली आहे. जुलै २०२४ मध्ये चीनमध्ये इंधन वाहणाऱ्या टँकरमधून न धुता खाद्यतेल नेल्याचे प्रकरण गाजले, ते आठवावे.

आणि शेवटचा दुवा रुग्णालयाचा. २०१५ ते २०१८ या काळात युरोपातील पाच देशांत लिस्टेरिया जंतूने ४७ जण आजारी पडले, नऊ दगावले. एरवी हे सुटे, असंबद्ध रुग्ण वाटले असते. त्यांच्या शरीरातील जंतूंचा संपूर्ण जनुकीय क्रम जुळवला गेला आणि उगम हंगेरीतील एका कारखान्याच्या गोठवलेल्या मक्यात सापडला. भारतात एकात्मिक रोग सर्वेक्षण २००४ पासून चालते. अन्नविषबाधेचे उद्रेक त्यात नोंदले जातात. ते आणि अन्न प्राधिकरण एकाच आरोग्य मंत्रालयाच्या छताखाली आहेत. बंदरावर नाकारलेल्या मालाची यादी आणि जिल्ह्यांतील उद्रेकांची यादी दर आठवड्याला एकाच टेबलावर ठेवण्यासाठी नवा कायदा लागत नाही, आणि संगणकही लागत नाही.

संसदेच्या पुढील अधिवेशनात एखाद्या सदस्याने आरोग्यमंत्र्यांना एवढेच विचारावे: २०१९ च्या अधिसूचनेतील अट आजवर कोणत्या बंदरांवर पूर्ण झाली, कोणत्या नाही, आणि जेथे झाली नाही, तेथे येणाऱ्या इतर देशांच्या दूधभुकटीची मेलामाइन चाचणी सध्या कोठे होते व तिचा अहवाल किती दिवसांत येतो?